पंधरा मिनिटांची कुस्ती

1 ऑगस्ट 2024. तुम्ही राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीत आहात. भाताची खाचरं तुडुंब भरलीत, वाटेवर घोटाभर चिखल आहे आणि आज त्याची कुणाला फिकीर नाही. गावचा पोरगा, स्वप्नील कुसाळे, पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुण करून कांस्यपदक मिळवून बसलाय. लोक एकमेकांना मिठ्या मारताहेत. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते तब्बल 72 वर्षांनी. त्याआधीचं कुणाचं? उत्तर एका सुरात येतं, कारण कोल्हापूर जिल्ह्यात हे नाव पोरांना शाळेआधी तालमीत कळतं: खाशाबा जाधव.

नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्या माणसानं आपल्या खेळात नेमकं काय बदललं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते बघायचं तर 76 वर्षं मागे जावं लागेल. चला.

1948 सालचा उन्हाळा लागायच्या बेतात आहे. तुम्ही याच भोगावती खोऱ्यातले, विशीतले गडी आहात. वर राधानगरीला शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण अजून अपुरंच आहे. ते पूर्ण व्हायला पुढचं दशक उजाडायचंय. सर्व्हिस मोटरनं धूळ खात तुम्ही कोल्हापूर गाठता. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झालाय, गावात अजून त्याच गोष्टी चालल्यात. कोल्हापूर अजून संस्थान आहे, मुंबई राज्यात विलीन व्हायला वर्ष बाकी आहे. तुमचं नाव राजाराम कॉलेजात आहे आणि जीव तालमीत.

याच कॉलेजात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा एक विद्यार्थी आहे. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगानं किरकोळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेला, तर त्याची शरीरयष्टी बघून क्रीडाशिक्षकांनी नाव घेतलं नाही. तो थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य म्हणजे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि पोरानं आपल्याहून थोराड गडी एकामागून एक लोळवले. कडेला बसून तुम्ही हे बघताय. तुमच्या शेजारचा ‘ताकद कुठनं आली ह्याच्यात?’ म्हणतो. बघायला हवं ते वेगळंच आहे. हा गडी थांबत नाही. समोरच्यानं एक डाव तोडला की त्या तोडीतूनच ह्याचा दुसरा डाव निघतो.

आता जरा तुमच्याच तालमीत या, म्हणजे हे किती जगावेगळं होतं ते कळेल. हौद्यातली लाल माती तुम्ही पहाटे उकरलीय. तिच्यात तेल, हळद, लिंबू, ताक पडलेलं आहे. सलामी होते, हाताला हात लागतो आणि खडाखडी सुरू होते. मानेवर हात टाकायचा, ढकलायचं, अंदाज घ्यायचा. घाम आला की मूठभर माती उचलून जोडीदाराच्या मानेवर, पाठीवर चोळायची, की पकड पुन्हा घट्ट. पाय घोट्यापर्यंत रुततात, त्यामुळं उभ्यानं सरकायला जोर लागतो. मग सरकण्याऐवजी रोवून उभं राहायची सवय होते. कुस्तीला घड्याळ नाही. दोन्ही खांदे मातीला लागल्याशिवाय निकाल नाही, आणि जोड तोलामोलाची असली तर तासभरसुद्धा झुंज चालते. खासबागच्या मैदानात, शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या भल्यामोठ्या गोलात, हजारो माणसं ही झुंज जीव मुठीत धरून बघतात. वस्ताद सांगतात ते सूत्र एकच: गडी दमव, मग पाड. पाठीवर बसलेला गडी सवारी भरून दहा मिनिटं नुसता दाब देत राहिला, तरी त्याला कुणी उठ म्हणत नाही. उलट जाणकार मान डोलावतात.

मला स्वतःला ही कुस्ती फार प्रिय आहे, आणि तिच्यात सौंदर्य नाही असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. पण ऑलिम्पिकचं दार ह्या वेगानं उघडत नव्हतं.

जुलै 1948. लंडन. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांचा खर्च उचललाय. युद्ध संपून तीन वर्षं झालीत तरी इंग्लंडमध्ये अजून रेशन चालू आहे. खेळाडूंना गोदी कामगारांइतकं वाढीव रेशन मिळतं, आणि खुराकावर वाढलेल्या पैलवानाला तेही तुटपुंजंच वाटावं. अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये गादी अंथरलीय. आपल्याकडे मॅटला गादीच म्हणतात, आणि तुम्ही तिच्यावर आज पहिल्यांदा पाय ठेवताय.

टाचा रुतत नाहीत, ही पहिली गोष्ट. ताणलेल्या कापडावर तळवा सरकतो. तुम्ही सवयीनं पाय रोवून उभे राहता आणि समोरचा गोरा गडी खाली वाकून तुमच्या पायात शिरतो. एकेरी पट लागलासुद्धा. तुम्ही त्याच्या मानेला हात घालता, हात घामावरून निसटतो. माती कुठाय चोळायला? पकडीच्या भरवशावर उभारलेली तुमची अख्खी कुस्ती इथं हाताला लागत नाही. तुम्ही दाब देऊन दम काढायला बघता, तर भिंतीवर घड्याळ आहे. पंधरा मिनिटं. तेवढ्यात चितपट झाली नाही तर पंच गुणांवर निकाल देणार. जिंकलात पण चितपट करून जिंकला नाहीत, तरी खात्यावर वाईट गुण चढतो, आणि ते साचले की स्पर्धेतून बाहेर. म्हणजे वाट बघणारा माणूस इथं जिंकूनही हरायला लागतो.

एका उन्हाळ्यात हे सगळं अंगात भिनवायचं होतं. स्पर्धेआधी खाशाबांना शिकवायला होते अमेरिकेचे रीस गार्डनर, लाइटवेटमधले माजी विश्वविजेते. लहानपणापासून मातीत घडलेल्या शरीराला तेवढ्या वेळात नवी चाल शिकवायची, ही किती अवघड गोष्ट आहे ते तुम्हाला आता तुमच्याच पायांवरून कळतंय. तरी 52 किलो गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच नमवलं, मग अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही. इराणच्या मन्सूर रईसीपुढं ते हरले आणि सहावे आले. 

सहावा नंबर घेऊन परतलेल्या माणसापुढं दोन वाटा असतात. गावोगावच्या मैदानांत ‘लंडन रिटर्न’ पैलवान म्हणून इनामं घेत फिरावं, ही पहिली, आणि ती सोपी होती. खाशाबांनी दुसरी धरली. पुढच्या चार वर्षांत त्यांनी आपली मेहनत वाढवली, वजन चढवून ते 57 किलो गटात गेले.

ह्या बदलाकडे नीट बघा, कारण सगळी गंमत इथंच आहे. मातीतला डाव म्हणजे एक निर्णायक घाव: संधी येईपर्यंत थांबा, आली की ढाक मारा, अस्मान दाखवा. गादीवर डावांची साखळी लागते. मानेला हात घातल्याची हूल द्यायची; समोरचा वर बघेल तेवढ्यात पटात शिरायचं; त्यानं पाय मागं टाकून पट मोडला तर तिथंच न अडकता त्याच्या बगलेतून पाठीमागं जायचं; तो उठायला गेला की त्याच उठण्याचा जोर वापरून फिरवायचा. तीन-चार डाव एका श्वासात. पहिला डाव लागावा ही अपेक्षाच नसते, तो समोरच्याला हलवण्यासाठी असतो. हललेला माणूस पडतो. खाशाबांची आवडती ढाक, म्हणजे मुंडी कवळ्यात घेऊन कमरेवरून फेकणं, ही अस्सल मातीतली. त्यांनी ती टाकली नाही. गादीवर तिच्याआधी लागणारी हालचाल जोडली, एवढंच. मातीत घडलेली कंबर आणि मान हेच त्यांचं भांडवल होतं. वेग ही त्यावरची नवी मांडणी. म्हणून मला माती विरुद्ध गादी हा वाद निरर्थक वाटतो.

1952. हेलसिंकीला जायचं तर निवड व्हायला हवी. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणानं हार झाली आणि पंचांनी पक्षपात केला अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी झाली आणि त्यांनी निरंजन दासला हरवून जागा मिळवली. आता पैसे. संस्थान विलीन झालंय, खजिना आता दरबारचा राहिलेला नाही. गोळेश्वर आणि कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. तीही पुरेना, तेव्हा बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. एका प्राचार्यानं एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावं! जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या जिमखान्यात ही गोष्ट ठळक अक्षरांत लावायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हेलसिंकी, जुलैचा तिसरा आठवडा. उद्‌घाटनाला पाऊस होता, पावलो नुर्मीनं ज्योत पेटवली. इथं रात्रीसुद्धा धड अंधार पडत नाही, झोपेची लय बिघडते. तुम्ही मेस्सुहालीच्या गादीजवळ उभे आहात. कॅनडाचा पोलिकँ, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ, तिघांनाही खाशाबा हरवतात. मग जपानचा शोहाची इशी. ही लढत बघताना तुम्हाला श्वास घ्यायची आठवण राहत नाही. दोघंही सतत फिरताहेत, दोघंही पटात शिरताहेत, वेगाला वेग भिडलाय. पंधरा मिनिटं पूर्ण होतात आणि निकाल इशीच्या बाजूनं जातो. हाच इशी पुढं सुवर्ण घेऊन गेला.

त्यानंतरची हकीगत आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितली गेलीय. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम. पण खाशाबांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला उतरवलं गेलं आणि त्यांच्या बाजूनं नियम दाखवायला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. वेगाच्या कुस्तीत दम हीच पुंजी. ती इशीवर खर्च झाली होती. तुम्हाला गादीवर धावत जाऊन ओरडावंसं वाटतं, पण तुम्ही 72 वर्षं उशिरा आला आहात. लढत हातची जाते. 23 जुलैला खाशाबांच्या गळ्यात कांस्य पडतं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

परतायच्या आधी थोडं पुढं डोकावून बघा. कुस्तीतलं भारताचं पुढचं ऑलिम्पिक पदक 2008 साली, बीजिंगला, सुशील कुमारचं. मध्ये 56 वर्षं. ह्या वर्षांत कोल्हापुरात पैलवान कमी नव्हते, मैदानं ओस नव्हती. खुराक, तालमी, मान, सगळं होतं. पण इनाम मातीत होतं, गर्दी मातीत होती, आणि गादी विकत घ्यायची तर तालमीच्या ऐपतीबाहेर. पोरगं विशीपर्यंत मातीत वाढायचं आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या महिनाभर आधी गादीवर चढायचं. खाशाबांनी लंडनच्या आधी केलं तेच, पिढ्यानपिढ्या. आजच्या कुस्तीला तर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात, वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला गुण, आणि नुसतं थोपवून धरणाऱ्याला पंच ताकीद देतात. महाराष्ट्र केसरीत अजून माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, आणि ते असावेतच. पण राधानगरीच्या एखाद्या वाडीतल्या दहा वर्षांच्या पोराला दोन्हींवर पाय ठेवायला मिळतो का, हा खरा प्रश्न आहे. नेमबाजीत कांबळवाडीनं दाखवून दिलंय की पोरांत काही कमी नाही.

आता शेवटचा मुक्काम. 1952 चा पावसाळा सरतोय. कऱ्हाडला खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघते, तिच्यामागून चालत तुम्हीही गुलालानं माखता. सत्कार होतात, हार पडतात. पण खर्डेकरांच्या घरावरचा बोजा तसाच आहे, आणि खाशाबा तो विसरलेले नाहीत. ते कुस्त्यांची मैदानं भरवतात, तिकिटं लावतात, पुन्हा लंगोट कसतात. ऑलिम्पिकचं पदक मिळवलेला माणूस लाल मातीत उतरतो, हलगी कडाडते, तुम्ही तिकीट काढून गर्दीत घुसता आणि लोक आवाज देतात. जमलेल्या पैशातून ते आपल्या प्राचार्यांचं घर सोडवून देतात.