झिलईवरची रेघ : काशानच्या भट्टीपासून लेझरपर्यंत

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने टाइलवर का बोलावं, असं काही जणांच्या मनात आलं असेल. त्याला माझं उत्तर सोपं आहे. आपल्या दर्शनांमध्ये घटाइतकं वापरून वापरून गुळगुळीत झालेलं दुसरं उदाहरण नाही. माती हे उपादानकारण, कुंभार हे निमित्तकारण, हे घोकल्याशिवाय आमच्यापैकी कोणी पुढच्या वर्गात गेलेलं नाही. तेव्हा कुंभाराच्या अंगणात शिरण्याचा आम्हाला जुना परवाना आहे.

आजचा प्रश्न असा. झिलई दिलेल्या, चकचकीत टाइलवर लेझरने एक चित्र उमटवलं. ते चित्र काढलं कोणी? आणि आधी जो हात टाइल रंगवत होता, त्याचं काय?

प्रथम झिलई म्हणजे काय ते बघू. झिलई म्हणजे टाइलवर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. काच पाणी शोषत नाही, डाग धरत नाही. हा तिचा गुण आणि हीच चित्रकाराची अडचण. जिच्यावर डाग बसत नाही, तिच्यावर रंग तरी कसा बसणार? म्हणून बहुतेक ठिकाणी चित्र काढलं जाई ते झिलई पक्की होण्याआधी. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या प्रसिद्ध निळ्या टाइल अशाच. कच्च्या पांढऱ्या झिलईवर रंगवायचं आणि मग भट्टीत घालायचं. पण झिलई एकदा पक्की झाली की पुढे काय करायचं? ह्या प्रश्नाची दोन जुनी उत्तरं मला फार महत्त्वाची वाटतात.

पहिलं उत्तर मोरोक्कोतल्या फेस शहरातलं. तिथला बू इनानिया मदरसा 1350 च्या दशकात सुलतान अबू इनानने बांधला. त्याच्या भिंतींवर टाइलमध्ये कोरलेल्या अक्षरांचे पट्टे आहेत. कारागीर काळी झिलई दिलेली टाइल घेतो आणि अक्षराच्या भोवतालची झिलई बारीक हत्याराने टवकारून काढतो. काळं अक्षर तेवढं उरतं, मागे भाजलेली माती दिसते. म्हणजे अक्षर लिहिलं जात नाही, अक्षर सोडून बाकीचं पुसलं जातं. एक घाव चुकला की टाइल गेली.

दुसरं उत्तर इराणमधल्या काशानचं. तिथल्या कुंभारांच्या एका नामांकित घराण्यातल्या अबुल कासिमने 1301 साली ह्या कलेवर एक प्रकरण लिहून ठेवलं आहे. घरची विद्या कागदावर उतरवणारा माणूस विरळा, म्हणून त्याचं मोल मोठं. ही रीत अशी. टाइल झिलईसकट भाजून तयार करायची. तिच्यावर चांदी आणि तांब्याची संयुगं मिसळलेला लेप लावून चित्र काढायचं आणि दुसऱ्या भट्टीत ती मंद धुरावर ठेवायची. धुरामुळे भट्टीत प्राणवायू कमी पडतो, तो लेपातल्या संयुगांमधून ओढला जातो, आणि धातूचा अतिसूक्ष्म थर झिलईत रुतून बसतो. टाइल थंड झाली की ओल्या मातीने घासायची. वरचा जळका लेप निघून जातो आणि खाली सोन्यासारखी झळाळी दिसते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे मला आपल्याकडचा एक वाद आठवतो. कच्चं मडकं काळपट असतं, भाजलं की लाल होतं. मग रंग बदलला कुणाचा? वैशेषिक म्हणाले, परमाणूंचा. अग्नीने घट परमाणूंपर्यंत विलग होतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळून घट होतो. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, अहो, मडकं भट्टीत मोडलेलं कोणी पाहिलंय? मडक्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून अग्नी आत शिरतो आणि सबंध मडकंच पालटतं. हा पिठरपाकवाद. ह्यावरून आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र सगळं ठाऊक होतं, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. त्यांना प्रश्न नीट पडला होता, एवढंच. उष्णतेने वस्तूचा गुण बदलतो तेव्हा वस्तू तीच राहते का, हा तो प्रश्न.

आता लिव्हरपूलला जाऊ. तिथे 1756 साली जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन ह्या दोघांनी एक प्रतिज्ञापत्र केलं. 27 जुलै रोजी, कोणाच्याही मदतीशिवाय, सहा तासांत आम्ही 1200 हून अधिक टाइल छापल्या, असं ते शपथेवर सांगतात. वर असंही म्हणतात, की 100 कुशल चित्रकारांना एवढ्या वेळात ब्रशने जे जमलं नसतं त्याहून हे काम सरस आहे. त्यांची युक्ती अशी : ठशावरून चित्र कागदावर घ्यायचं, कागद झिलईवर दाबायचा, शाई उतरली की टाइल पुन्हा भाजायची. शहरातल्या दोन कारखानदारांनी त्याला दुजोरा दिला. त्या 100 चित्रकारांपैकी मात्र एकाचीही साक्ष त्या कागदावर नाही. हाताच्या कामाचं मोजमाप हाताला न विचारता झालं. पुढे जोसाया वेजवूडसारखा मोठा उद्योजकही आपली भांडी छापायला त्यांच्याकडे पाठवू लागला.

पण म्हणून 1756 च्या आधीचा सगळा काळ स्वतंत्र प्रतिभेचा होता, असंही समजू नका. डेल्फ्टचा चित्रकार कागदावर चित्राच्या रेषांना सुईने टोचे पाडत असे, तो कागद टाइलवर ठेवून वरून कोळशाची पूड आपटत असे, आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून ब्रश फिरवत असे. आपल्याकडे रांगोळीचे छापे असतात ना, तसंच. म्हणजे कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा, ही फारकत यंत्राच्या आधीच झाली होती.

आता लेझर. त्याचं बीज आइन्स्टाइनच्या 1917 च्या सिद्धांतात आहे. पहिला लेझर 1960 मध्ये थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून चालवून दाखवला. आणि 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर तयार झाला. तो करणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे, आणि अभियांत्रिकी शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. आज जगभर लाकूड, काच, ॲक्रिलिक कापणारी, कोरणारी कितीतरी यंत्रं ह्याच लेझरवर चालतात. आपण मात्र त्यांचं नाव फारसं घेत नाही.

ह्या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. काच तो पृष्ठभागावरच शोषून घेते. त्यामुळे झिलई क्षणात तापते, तिला बारीक तडे जातात, ती खरवडल्यासारखी होते. हे झालं फेसचं घराणं, काढून टाकण्याचं. दुसरा प्रकार आहे छोट्या निळ्या लेझरचा, जो हौशी लोक घरी वापरतात. त्याचा निळा प्रकाश पांढऱ्या झिलईवर फारसा परिणाम करत नाही. म्हणून पांढऱ्या टाइलवर टायटॅनियम डायऑक्साइड असलेला पांढरा रंग फवारतात. आपल्या भिंतींच्या रंगातलं हेच ते पांढरं द्रव्य. किरण जिथे पडतो तिथे ते प्रचंड तापतं, त्यातला काही प्राणवायू निघून जातो, ते काळं पडतं आणि वितळलेल्या झिलईत रुतून बसतं. मग उरलेला रंग धुऊन टाकायचा. पांढऱ्या टाइलवर काळं चित्र तयार.

काशानची रीत आठवली का? तयार झिलईवर लेप, उष्णता, प्राणवायूचं जाणं, आणि शेवटी वरचा लेप काढून टाकणं. सगळ्या पायऱ्या जवळजवळ त्याच. फरक एवढाच, की तिथे सबंध टाइल भट्टीत जात होती आणि इथे भट्टीच सुईच्या टोकाएवढी होऊन टाइलवर फिरते. चित्राबाहेरची टाइल जवळपास थंडच राहते. पीलुपाकवाले आणि पिठरपाकवाले आज असते, तर ह्या टाइलपाशी त्यांना नव्याने भांडता आलं असतं.

मग चित्र काढलं कोणी? लेझरने नाही, हे नक्की. कुंभाराचा दंड आणि चाक ही निमित्तकारणंच, पण दंडाला कोणी कर्ता म्हणत नाही. कर्ता तो, ज्याला साध्याचं ज्ञान आहे, ते करण्याची इच्छा आहे आणि जो त्यासाठी प्रयत्न करतो, असं नैयायिक सांगतात. ही कसोटी लावली, तर रेषा आखणारा, किरणाची तीव्रता आणि वेग किती ठेवायचा ते चार टाइल वाया घालवून शिकणारा, हा कर्ता आहे. दुसऱ्याचं चित्र उचलून नुसतं बटण दाबणारा फार तर वाटेकरी.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो ह्या पोर्तुगीज कलावंताच्या निळ्या टाइलचं मोठं काम आहे. अशा कामातली एखादी टाइल उद्या कुठे फुटली, तर तिची रेघन्‌रेघ यंत्राला उतरवता येईल. तेव्हा बघणाऱ्याला खरी कोणती आणि नवी कोणती हे कळायला हवं की नको? 1964 च्या व्हेनिस सनदेने ह्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे : भर घातलेला भाग मूळ कामाशी जुळावा, पण वेगळा ओळखूही यावा. कार्बन डायऑक्साइडचा लेझर आणि ही सनद एकाच वर्षातली आहेत, हा योगायोग मला सूचक वाटतो.

तुमच्यापैकी जे तरुण हे काम करतात, त्यांना एकच विनंती. टाइलची मागची बाजू कोरी असते. तिथे चित्र मूळ कोणाचं, उमटवलं कोणी, कोणत्या रीतीने आणि कधी, ह्या चार गोष्टी लिहून ठेवा. लिव्हरपूलच्या त्या कागदावर 100 जणांची नावं नव्हती. तुमच्या टाइलच्या पाठीवर दोन-तीन नावांना जागा नक्की आहे.