मत्स्यकन्या, भयसाहित्यातील

कमरेपर्यंत स्त्री व त्याखाली मासा अशी कल्पिलेली जलवासी व्यक्तिरेखा. बालवाङ्‌मय व चित्रपट यांमुळे मत्स्यकन्या आज सामान्यतः सौम्य व मोहक मानली जाते. तथापि तिचा वाङ्‌मयीन इतिहास पाहता सौम्य रूप अलीकडचे असून भीषण रूपच जुने असल्याचे दिसून येते. अद्‌भुतकथा व भयकथा यांतील प्राणघातक मत्स्यकन्या ही आधुनिक लेखकांची नवी कल्पना नव्हे. मधल्या काळात झाकला गेलेला एक जुना धागा त्यांनी पुन्हा हाती घेतला, एवढेच.

या परंपरेचा आरंभ होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या बाराव्या सर्गातील ‘सायरन’ या गायिकांपासून मानला जातो. त्यांच्याभोवती कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग पडलेला असतो. नाविकांच्या कानांत मेण भरून व स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन ओडिस्यूस त्यांच्यापासून निभावतो. सायरनच्या शरीराचे वर्णन होमरने केलेले नाही. प्राचीन ग्रीक कलाकारांनी मात्र त्यांना पक्ष्याचे अंग दिले. विशेष म्हणजे त्या ओडिस्यूसला मोह घालतात तो रूपाचा नव्हे, तर ज्ञानाचा : ट्रॉय येथे जे घडले व पृथ्वीवर जे जे घडते, ते सर्व आपणास ठाऊक असल्याचे त्या सांगतात. इ. स. ७०० च्या सुमाराच्या लीबेर मॉन्स्ट्रोरुम या लॅटिन ग्रंथात सायरनला माशाची शेपटी आलेली आढळते. पुढे ख्रिस्ती नीतिकारांनी तिला कामवासनेचे प्रतीक ठरविले आणि तिच्या हाती आरसा व फणी दिली. ज्ञानाचा मोह मागे पडला व भीतीचा सगळा भार स्त्रीदेहावर येऊन पडला. हा बदल शेपटीच्या बदलापेक्षाही दूरगामी ठरला.

पाण्यात माणूस ओढला जाण्याची भीती अर्थातच यूरोपपुरती नाही. महाराष्ट्रात विहिरी, डोह व तळी यांच्या काठी पुजल्या जाणाऱ्या साती आसरा याच भीतीतून उभ्या राहिल्या आहेत. मात्र त्या देवता असून त्यांना माशाची शेपटी नसते. स्लाव्ह लोकांची रुसाल्का ही पुष्कळदा बुडून मेलेल्या तरुणीचे भूत असते. ती वैरीण असली, तरी आधी बळी असते.

जर्मन स्वच्छंदतावादी लेखकांनी या कल्पनेला शोकात्म वळण दिले. फूके याच्या उंडीने (१८११) या कथेतील जलकन्या मानवाशी विवाह करून आत्मा मिळविते आणि पतीने प्रतारणा केल्यावर तिच्या चुंबनानेच त्याचा अंत होतो. हान्स ख्रिश्चन अँडरसनची ‘छोटी मत्स्यकन्या’ (१८३७) मुलांची कथा म्हणून ओळखली जात असली, तरी तिच्यातील भयानकता थोडी नाही. बुडालेल्या माणसांच्या हाडांचे घर असलेली चेटकीण नायिकेची जीभ कापून घेते; मिळालेल्या पायांनी टाकलेले प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखे दुखते; शेवटी स्वतःचा जीव वाचविण्यासाठी राजपुत्राला भोसकण्याची सुरी तिच्या हाती येते व ती ते नाकारते. १९८९ च्या डिझ्नी चित्रपटाने हा शेवट सुखद केला.

जपानी परंपरेत भीतीचे स्थान वेगळे आहे. मत्स्यमानवाचे मांस खाऊन ८०० वर्षे जगलेल्या याओ बिकुनी या भिक्षुणीची आख्यायिका तेथे प्रसिद्ध आहे. तीत भय आहे ते न येणाऱ्या मृत्यूचे. ताकाहाशी रुमिको यांनी १९८४ पासून चित्रकथामालिकेत हे सूत्र विस्तारले : मांस खाणाऱ्यांपैकी बहुतेक मरतात किंवा विद्रूप राक्षस होतात आणि क्वचित जो अमर होतो, तो आप्तांच्या मरणाचा साक्षी होऊन भटकत राहतो.

ओगावा मिमेई (१८८२–१९६१) यांची ‘लाल मेणबत्त्या व मत्स्यकन्या’ (१९२१) ही कथा तर या साऱ्या परंपरेतील सर्वांत अस्वस्थ करणारी म्हणावी लागेल. माणसे दयाळू असतात अशा समजुतीने उत्तरेकडील थंड समुद्रातील एक मत्स्यकन्या आपले अर्भक किनाऱ्यावर ठेवते. मेणबत्त्या विकणारे वृद्ध जोडपे त्याला देवाचा प्रसाद मानून वाढविते. मुलगी मेणबत्त्यांवर मासे, शंख, शेवाळ रंगविते. त्या डोंगरावरील देवळात लावल्या असता जहाजे बुडत नाहीत अशी ख्याती होते. पुढे एका खेळवाल्याच्या पैशाला भुलून जोडपे तिला विकते व वाघसिंहांसाठीचा लोखंडी पिंजरा तिच्यासाठी येतो. जाता जाता ती उरलेल्या मेणबत्त्या नुसत्या लाल रंगवून टाकते. त्या रात्री ओल्या केसांची एक स्त्री येऊन लाल मेणबत्ती विकत घेते. तिने दिलेले पैसे शिंपले निघतात. वादळ उठते व पिंजऱ्याचे जहाज बुडते. नंतर देवळात लाल मेणबत्ती दिसली, की समुद्र खवळू लागतो आणि अखेर ते गाव नष्ट होते. येथे विश्वासघात माणसाचा आहे. समुद्र फक्त हिशेब करतो. खेळवाल्याचे पात्रही केवळ काल्पनिक नव्हते. वानराचे धड व माशाचे शेपूट जोडून केलेली ‘फीजी मत्स्यकन्या’ पी. टी. बार्नमने १८४२ मध्ये न्यूयॉर्क येथे पैसे घेऊन दाखविली होती.

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या द शॅडो ओव्हर इन्समथ (१९३६) या लघुकादंबरीत मोहकता पूर्णपणे गळून पडते. मासळी व सोने यांच्या लोभाने एका बंदरातील लोक सागरी प्राण्यांशी शरीरसंबंध जोडतात व त्यांची संतती हळूहळू मत्स्यरूप होते. निवेदकाला शेवटी आपल्याच रक्तात तो वंश सापडतो. या भीतीमागे लेखकाचा वंशसंकराविषयीचा तिटकारा आहे हे उघड असून कथेची ताकद मान्य करतानाही ते नजरेआड करता येत नाही.

एकविसाव्या शतकात मत्स्यकन्येला प्राणिशास्त्राचा आधार देण्याकडे कल दिसतो. मीरा ग्रँट या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिकेच्या इन्टू द ड्राउनिंग डीप (२०१७) या कादंबरीत मेरियाना गर्तेजवळ राहणारे हे प्राणी माणसाच्या आवाजाची नक्कल करून शिकार साधतात. सायरनचे गाणे येथे शिकारी जनावराचे आमिष बनते. आग्न्येश्का स्मोचिन्स्का यांच्या २०१५ च्या पोलिश संगीतपटात मत्स्यकन्या वॉर्सातील रात्रगृहात गातात व माणसे खातात. त्यांतील एक मात्र अँडरसनच्या नायिकेप्रमाणे प्रियकराला न मारता फेस होऊन जाते.