पाण्यावरच्या शर्यतीतले गट



रायगड म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. आपण कर्जत-खालापूरच्या बाया मात्र नदीच्या. उल्हास, पेज, पाताळगंगा या आपल्या. पेज आणि पाताळगंगेला भर उन्हाळ्यात पाणी असतं, ते भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे. बोटीत बसायचं म्हटलं तर गटाची सहल मांडव्याला किंवा घारापुरीला निघावी लागते. त्यामुळे आज शर्यतीच्या मोटरबोटींवर बोलणार म्हटल्यावर काही जणींना हसू येईल. हसा, पण ऐका. या इतिहासात बायका सुरुवातीपासून आहेत आणि त्यांची नावं कुठे लिहिली गेली, कुठे नाही, हे आपल्याला कळायला हवं.

आधी गटांचं बघू. शर्यतीत ज्याला क्लास म्हणतात, त्याला आपण गटच म्हणू. बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे बैलांच्या दातांवरून गट पाडतात. लहान खोंडाला पुऱ्या वाढलेल्या बैलासमोर उभं करत नाहीत. बोटींचं तसंच आहे. फक्त दातांऐवजी इंजिनाची ताकद, बोटीची लांबी, वजन आणि तळाचा आकार बघतात.

बोटींचे असे प्रकार आपल्या किनाऱ्याला नवे नाहीत. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत हे दोन मुख्य प्रकार होते. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतंच गुराबेला ओढून नेत. तिथे गट लढाईच्या कामासाठी होते. शर्यतीत ते न्यायासाठी आले.

मोटरबोटींची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत १९०३ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर क्वीन्सटाउन इथे झाली, हार्म्सवर्थ चषकासाठी. नियम मोजके होते. बोट ४० फुटांपेक्षा लांब नको आणि ज्या देशाच्या नावाने उतरणार, तिथेच ती पूर्ण बनलेली हवी. जिंकली ती नेपियर कंपनीच्या इंजिनाची बोट. पोलादी तळ, ७५ अश्वशक्ती. सुकाणू डोरोथी लेव्हिट नावाच्या मुलीच्या हातात होतं. वय २१. ती नेपियरच्या कचेरीत काम करायची. त्याच सुमारास तिने पाण्यावर ताशी १९.३ मैल, म्हणजे साधारण ३१ किलोमीटर वेग गाठला आणि त्या काळी तो विक्रम ठरला. आज आपली रिक्षा चौकातून निघाली की एवढा वेग सहज पकडते. पण १९०३ साली पाण्यावर ते मोठं धाडस होतं.

विजेता म्हणून नोंद मात्र एस. एफ. एज यांची झाली. ते बोटीचे मालक होते आणि शर्यतीत बोट त्यांच्या नावाने उतरली होती. नियमाप्रमाणे बरोबरच होतं म्हणा. आपल्याकडेही गटाचं कर्ज बाईच्या नावावर असतं, हप्ता तीच फेडते आणि टेम्पोचं कागदपत्र बघावं तर नाव दुसऱ्याचंच. मी गटांच्या वह्या तपासते तेव्हा हे कितीदा दिसतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता हायड्रोप्लेन म्हणजे काय ते समजून घेऊ. साधी होडी पाण्यात बसते आणि पाणी बाजूला सारत पुढे जाते. वेग वाढवला की पाणीच तिला अडवतं. पण चपटा दगड नदीवर तिरका भिरकावला तर तो बुडत नाही, टप्पे खात जातो. हायड्रोप्लेनची युक्ती हीच. तळ सपाट आणि बोट हलकी ठेवली की वेगात ती पाण्यावर उचलली जाते आणि पाण्याचा अडसर कमी होतो. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत तीन ठिकाणीच टेकणारी बोट बनली. पुढे दोन बाजूंना दोन पाय आणि मागे पंखा, एवढंच पाण्याला शिवणार. त्यानंतर पंखासुद्धा अर्धा पाण्याबाहेर राहू लागला. १९५० मध्ये अशाच एका बोटीने ताशी १६० मैलांचा टप्पा ओलांडला. डोरोथीच्या वेगाच्या आठपट. यात धोकाही मोठा. बोट नको तेवढी उचलली गेली की वारा तिच्या पोटाखाली शिरतो आणि ती मागे उलटते.

गट पाडायला आणि नियम ठरवायला १९२२ साली युरोपात आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज गट इतके आहेत की सगळे सांगत बसले तर वेळ संपेल. ढोबळमानाने नदी-तळ्यातल्या फेऱ्यांची शर्यत वेगळी आणि खुल्या समुद्रातली वेगळी. इंजिन मागे टांगलेलं असेल तर एक प्रकार, बोटीच्या पोटात असेल तर दुसरा. अगदी खालचा गट १५ अश्वशक्तीचा, शाळकरी मुलामुलींचा. आपल्या भातखाचरातला पॉवर टिलर जवळपास तेवढ्याच ताकदीचा असतो. त्याच्या वर फॉर्म्युला फोर, ६० अश्वशक्ती. सगळ्यात वर फॉर्म्युला वन. ही बोट दोन तळांची, मधून हवा जाणारी, जेमतेम ३९० किलोची. इंजिन सुमारे ४०० अश्वशक्तीचं आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. ब्रेक नाही, गिअर नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये या गटाची शर्यत विजयवाड्याला कृष्णेच्या पात्रात झाली. आपल्या महाबळेश्वरला उगम पावते तीच कृष्णा. अमेरिकेत याहूनही दांडगा 'अनलिमिटेड' गट आहे. त्या हायड्रोप्लेनमध्ये चिनूक हेलिकॉप्टरचं टर्बाइन बसवतात आणि सरळ रेषेत ती ताशी ३०० किलोमीटर पार करते.

मुंबईनेही हे बघितलंय. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली. सगळ्या बोटी एकाच साच्याच्या होत्या. २८ फूट लांबी, २५० अश्वशक्तीचं एक इंजिन, आत दोन माणसं. मला स्वतःला हाच गट सगळ्यात पटतो. बोट सारखी असली की हाताचं कसब दिसतं, खिशाचं नाही.

जाता जाता एक सांगते. या चालकांना पट्ट्यांनी बांधून पाण्यात उलटं करतात आणि त्यातून बाहेर पडून दाखवल्याशिवाय शर्यतीत उतरू देत नाहीत. जॅकेट, शिरस्त्राण सगळं सक्तीचं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जीव गेले. तेव्हा सहलीला बोटीत चढलात की लाइफ जॅकेट मागून घ्या. कुणी हसलं तर हसू दे.

आता गटांच्या नियमातली माझ्या आवडीची गोष्ट. इंजिन मोजतात, लांबी मोजतात, पण या मोठ्या गटांत बाई-पुरुष असा वेगळा गट नाही. एकाच रांगेत सगळे सुटतात. अमेरिकेच्या बेटी कुक पन्नाशी ओलांडल्यावर समुद्रातल्या शर्यतीत उतरल्या आणि १९७७ मध्ये पुरुषांना मागे टाकून जगज्जेत्या झाल्या. ब्रिटनच्या फिओना गोर यांनी १९८० मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, विंडरमिअर तळ्यावर ताशी १०० मैलांच्या पुढे बोट नेली. त्यावर त्या थांबल्या नाहीत. १९८९ मध्ये, ७१ व्या वर्षी, बॅटरीवर चालणाऱ्या हायड्रोप्लेनने त्यांनी ५० मैलांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे त्या वयाच्या बाईला लोक अंगणाबाहेर जाताना विचारतात, कुठे निघालीस? फॉर्म्युला वनमध्ये पहिली शर्यत जिंकणारी बाई नॉर्वेची मारित स्ट्रोमॉय, २०१५ मध्ये शारजाला. तिथे नोंद तिच्याच नावाने झाली.

रांग एक असली तरी तिथपर्यंत पोचणाऱ्या बाया थोड्याच राहिल्या, हेही खरं. बोट महाग, शिकवणारे पुरुष, पैसा लावणारेही पुरुष. म्हणून २०२४ मध्ये जेद्दाहून सुरू झालेल्या ई-वन या नव्या गटाने नियमच करून टाकला. बोटी सगळ्या सारख्या, विजेवरच्या, वेगात पाण्यावर अधांतरी चालणाऱ्या. आणि प्रत्येक संघात एक बाई, एक पुरुष चालवणार. एकाला घरी बसवून दुसऱ्यानेच सगळं चालवायचं, असं करता येत नाही.

यातल्या एका संघात विराट कोहलीची मालकी आहे. ते आपल्या पोरांना लगेच माहीत होतं. त्या संघाची बोट पहिल्या हंगामात चालवणाऱ्या बाईचं नाव सारा प्राइस.