गिटार कोण वाजवतंय? भूपिंदर सिंग यांची आठवण

झाशीत बदली होऊन आलेला प्रत्येक फौजी पहिल्या महिन्यात किल्ला बघतो. आणि किल्ला बघताना राणीसाहेबांच्या बरोबरीने आणखी काही नावं त्याच्या कानावर पडतात. ‘कडक बिजली’ तोफ, तिच्यावरचा गोलंदाज गुलाम गौस खान, त्याच्यासोबत खुदाबक्ष आणि मोतीबाई. किल्ल्याच्या आतच त्यांच्या मजारी आहेत. मोतीबाई ही गंगाधररावांच्या नाटकशाळेतली कलावंत, असं इथली परंपरा सांगते. 1858 च्या वेढ्याची गोष्ट सांगणारा साधा गाईडसुद्धा ही तीन नावं घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. राणीच्या गावाने राणीच्या मागे उभ्या असलेल्यांची नावंही जपली, ही मला झाशीची मोठी गोष्ट वाटते.

आपल्या दुसऱ्या एका आवडत्या प्रांतात मात्र याच्या नेमकं उलट झालं आहे. तो प्रांत म्हणजे हिंदी चित्रपटसंगीत. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, गीतकार, संगीतकार. बस्स. सॅक्सोफोन कोणी फुंकला, ड्रम कोणी वाजवले, गिटार कोणाच्या हातात होती, याचा पत्ता नाही. म्हणून आजचा लेख एका गिटारवाल्यावर. तुम्ही त्यांना गायक म्हणून ओळखता. त्यांचं नाव भूपिंदर सिंग.

18 जुलै 2022 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी ते मुंबईत गेले. बातम्यांत बहुतेक ठिकाणी ‘ज्येष्ठ गझल गायक’ असाच उल्लेख होता. तो खरा आहे, पण अर्धा. कारण त्यांचा गळा जेवढा आपण ऐकला, त्याहून जास्त वेळा कदाचित त्यांची बोटं ऐकली आहेत, तीही त्यांची आहेत हे माहीत नसताना. ‘दम मारो दम’, ‘चुरा लिया है’, ‘चिंगारी कोई भडके’, ‘तुम जो मिल गये हो’, ‘महबूबा महबूबा’ या गाण्यांच्या गिटारीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. आपल्याकडच्या दोन पिढ्यांना रॉकची गिटार म्हणजे काय हे कळलं ते इंग्लंड-अमेरिकेच्या बँडमुळे कमी आणि या अशा गाण्यांमुळे जास्त.

ही गिटार आपल्या गावांपर्यंत आली कशी, हे समजून घ्यायला झाशी चांगली जागा आहे. जीआयपी रेल्वेने 1895 मध्ये इथे वर्कशॉप काढलं. त्याबरोबर रेल्वे कॉलनी वाढली आणि इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन म्हणून अँग्लो-इंडियन कुटुंबं स्थिरावली. पलीकडे छावणी होतीच. जॉन मास्टर्स या फौजी अधिकाऱ्याने 1954 साली लिहिलेल्या ‘भोवानी जंक्शन’ कादंबरीतलं गाव काल्पनिक असलं, तरी त्यात झाशी दिसते. अशा प्रत्येक रेल्वे कॉलनीत एक इन्स्टिट्यूट असे आणि शनिवारी तिथे नाच असे. पियानो, व्हायोलिन, बँजो आणि गिटार ही वाद्यं देशाच्या आतल्या गावांत पोहोचली ती अशा नाचघरांतून, छावण्यांच्या क्लबांतून आणि गोव्याहून नोकरीसाठी बाहेर पडलेल्या वादकांच्या पेट्यांतून.

सुरुवातीला आपल्याकडे गाजली ती हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून धातूचा तुकडा सरकवायचा. मींड निघते, त्यामुळे आपल्या कानाला ती लगेच पटली. लखनौचे व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटांच्या चाली या गिटारीवर वाजवल्या आणि त्यांच्या रेकॉर्डी घरोघरी गेल्या. बोटांनी छेडायची, उभी धरायची ती गिटार वेगळी. तिला आपल्याकडे अजूनही ‘स्पॅनिश’ म्हणतात, ते या हवाईयनपासून वेगळं ओळखता यावं म्हणून. भूपिंदर या दुसऱ्या गिटारीचे माणूस.

त्यांचा जन्म 6 फेब्रुवारी 1940 चा, अमृतसरचा. वडील नत्था सिंग संगीताचे प्राध्यापक, आणि शिकवण्यात इतके कडक की मुलाला काही काळ संगीताचाच तिटकारा आला. आमच्या खडकवासल्याच्या ड्रिल उस्तादांची आठवण ज्यांना येते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्याने आपल्याला रडवलं, त्याचंच शिक्षण पुढे जन्मभर उपयोगी पडतं. भूपिंदर दिल्लीच्या आकाशवाणीवर गाऊ-वाजवू लागले. गिटारही तिथल्याच दिवसांत हातात आली. 1962 मध्ये आकाशवाणीचे निर्माते सतीश भाटिया यांनी मदनमोहन यांच्यासाठी जेवण ठेवलं होतं. तिथे मदनमोहननी या तरुणाला ऐकलं आणि मुंबईला बोलावलं.

पुढचा भाग आपल्या माजी सैनिक वाचकांचा आहे. मदनमोहननी त्यांना पहिलं गाणं दिलं ते चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’मध्ये. 1962 च्या लडाखमधल्या लढाईवरचा, 1964 साली आलेला हा चित्रपट. जखमी, थकलेले, तुकडीपासून तुटलेले जवान घराची आठवण काढतात, त्या प्रसंगाचं ते कैफी आझमींचं गाणं. मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि चौथा हा नवखा आवाज. पडद्यावरही तो स्वतःच, फौजी वेषात. पहिल्याच गाण्यात अशा तिघांच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे नव्या लेफ्टनंटने पहिल्याच दिवशी तीन जनरलांसोबत सलामी देण्यासारखं. पण त्या गाण्यात कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. प्रत्येकजण आपल्या ओळी गातो आणि पुढच्याला जागा देतो.

ती जागा देण्याची सवय त्यांच्या वादनात कायम राहिली, असं मला वाटतं. दोन वर्षांनी चेतन आनंद यांच्याच ‘आखरी खत’मध्ये खय्याम यांनी त्यांना एकट्याचं गाणं दिलं, क्लबमधला गायक म्हणून ते पडद्यावरही दिसले. तरीही पुढची काही वर्षं त्यांचं पोट मुख्यतः गिटारीवर चाललं. राहुलदेव बर्मन, म्हणजे पंचम, यांच्या वाद्यवृंदातलं ते भरवशाचं नाव झालं.

त्या काळचं ध्वनिमुद्रण कसं होई, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. आज प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करून नंतर जुळवतात. तेव्हा ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीच्या फेमसमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये गायक आणि चाळीस-पन्नास वादक एकाच वेळी वाजवत. एकाची तार चुकली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. दिवसाची पाळी, ठरलेला मेहनताना, आणि संध्याकाळी घरी. गाणं गाजलं की नाव गायकाचं. थेट फौजी भाषेत सांगायचं तर सेक्शन अटॅक सगळ्यांनी केला, पण वृत्तात एकाचंच नाव आलं.

आता त्या आवाजाबद्दल. 1971 च्या ‘दम मारो दम’च्या आरंभीचा तो भोवंडणारा झंकार आठवा. काठमांडूचे हिप्पी, धूर, डोलणारी माणसं, हे सगळं कॅमेऱ्याने दाखवण्याआधी तारांनी सांगून टाकलं आहे. आता 1972 च्या ‘चिंगारी कोई भडके’कडे या. तोच संगीतकार, पण इथे गिटार होडीच्या वल्ह्यासारखी संथ, किशोरकुमारांच्या आवाजाखाली पाण्यासारखी हलत राहते. 1973 च्या ‘चुरा लिया है’त आधी काचेच्या पेल्याची किणकिण, मग तारा. कुठल्याही लग्नात, कुठल्याही मेसमध्ये त्या पहिल्या काही सुरांवर लोक माना वळवतात, आशाबाईंचा आवाज यायच्या आधीच. आणि त्याच वर्षीचं ‘तुम जो मिल गये हो’, मदनमोहनचं. पाऊस, टॅक्सी, मुंबई, आणि मध्येच लय बदलली की जॅझच्या गल्लीत वळणारं संगीत.

चार गाणी, चार वेगळ्या गिटारी. दाखवण्यासाठी वाजवणारा माणूस चारही ठिकाणी स्वतःची सही ठोकतो. भूपिंदरनी गाण्याला काय हवं ते पाहिलं. शास्त्रीय गाण्याचा पाया असल्याने त्यांना ठाऊक होतं की गायक श्वास कुठे घेतो, आणि तो श्वास भरून काढायचा की मोकळा सोडायचा. वाद्य परदेशी, पण वाजवणाऱ्याचा कान अमृतसरच्या रियाजातला. म्हणूनच ती गिटार आपल्याला कधी परकी वाटली नाही.

मग गळ्यालाही न्याय मिळू लागला. ‘परिचय’, ‘मौसम’, ‘किनारा’ या गुलजारांच्या चित्रपटांनी त्या खर्जाच्या, थोड्या जड आवाजाला घर दिलं. आपल्या मराठी माणसांना जवळचा वाटेल तो 1977 चा ‘घरौंदा’. जयदेव यांचं संगीत, आणि मुंबईत डोक्यावर छप्पर शोधत फिरणारा अमोल पालेकर. नोकरीसाठी सातारा, सांगली, रत्नागिरीहून मुंबईत आलेल्या माझ्या मामा-काकांच्या पिढीला ते एकट्याचं गाणं स्वतःचंच वाटत असे. त्या गाण्यातला आवाज रडत नाही, तक्रारही करत नाही. चालत राहतो.

आणि नेमकं नाव झाल्यावर त्यांनी वाट बदलली. 1978 च्या गझलांच्या रेकॉर्डमध्ये त्यांनी गझलेच्या साथीला स्पॅनिश गिटार, बेस आणि ड्रम आणले. तबला-हार्मोनियमच्या बैठकीत हे तेव्हा धाडसच होतं. 1980 मध्ये गुलजारांच्या रचनांची ‘वो जो शायर था’ आली. पुढे मूळच्या बांगलादेशच्या गायिका मिताली मुखर्जी यांच्याशी लग्न झालं, आणि ऐंशीच्या दशकात चित्रपटांपासून दूर होत दोघांनी गझलेचे कार्यक्रम केले. गर्दीच्या रस्त्यावरून स्वतःहून बाजूला होणारी माणसं कमी. बहुतेकांना रस्ता बाजूला टाकतो.

या आठवणीत माझा स्वतःचा एक धागा आहे, तो सांगतो. प्रबोधिनीत माझ्या स्क्वाड्रनमधला एक कोर्समेट गिटार वाजवायचा. रविवारी दुपारी, बूट पॉलिश करता करता, त्याच्या केबिनमधून ‘चुरा लिया’चे ते सुरुवातीचे सूर यायचे. कधी पूर्ण गाणं नाही, तेवढाच तुकडा, पुन्हा पुन्हा. पुढे काश्मीरमध्ये तो कामी आला. त्याच्या शौर्याची नोंद झाली, योग्य शब्दांत झाली, आणि त्याच्या घरी भिंतीवर ती लावलेली आहे. पण ती गिटार कुठल्याही कागदावर नाही. ती आम्हा आठ-दहा जणांच्या कानात आहे, आणि आम्ही गेल्यावर कुठेच नसेल. भूपिंदर गेल्याची बातमी आली त्या रात्री आमच्या कोर्सच्या ग्रुपवर कोणीतरी ते गाणं टाकलं. खाली कोणीही काही लिहिलं नाही. सगळ्यांना एकच केबिन आठवत होती.

नोंदी ठेवणारे त्यांच्या रकान्यात बसेल तेवढंच लिहितात, त्यात त्यांचा दोष नाही. बाकीचं राखायचं काम ऐकणाऱ्यांचं. आणि रसिकांनी ते केलंही आहे. पुण्यातल्या पंचमप्रेमींनी पंचमच्या वादकांना व्यासपीठावर बोलावलं आणि कुठल्या गाण्यात कोणता तुकडा कोणाचा, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 मध्ये त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. सरकारी फाईल नाही, कंपनीचा आदेश नाही. आवडलेल्या सुरामागचा माणूस कोण, एवढ्या साध्या कुतूहलातून हे उभं राहिलं. उशीर झाला, काही वादक तोवर गेलेही होते. पण जे हयात होते, त्यांनी आपल्या नावाला पडणारी टाळी स्वतःच्या कानांनी ऐकली.

गेल्या महिन्यात इथे बडाखाना होता. जॅझ बँडमधल्या एका तरुण नाईकने तोच तुकडा वाजवला आणि जवानांनी शिट्ट्या मारल्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला विचारलं, हे मूळ कोणी वाजवलंय, माहीत आहे? म्हणाला, “साहब, आशाजी का गाना है.” मी त्याला भूपिंदर सिंगांचं नाव सांगितलं, ‘हकीकत’मधला फौजी वेषातला तो मुलगाही दाखवला. त्याने मोबाईल हातात घेऊन ते गाणं पूर्ण पाहिलं, आणि मग विचारलं की पुढच्या वेळी माइकवर हे नाव घेतलं तर चालेल का.

चालेल म्हटलं. आणि सूत्रसंचालन करणाऱ्या सुभेदार साहेबांना सांगितलं की त्याच्यासोबत वाजवणाऱ्याचंही नाव घ्या. बँडमध्ये सात जण आहेत. सातही नावं घ्यायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

जय हिंद.