शोधयंत्र आणि बाजाराची साक्ष

व्यापाऱ्याचें खरें भांडवल जितकें तिजोरींत असतें, तितकेंच तें लोकांच्या जिभेवर असतें. हें दुसरें भांडवल पैशानें उभें करतां येतें काय, हा प्रश्न आजच्या शोधयंत्रांमुळें नवा वाटतो; वस्तुतः तो जुना आहे, आणि मुंबईच्या गिरणगांवांत त्याचा इतिहास पाहावयास सांपडतो.

परळ-लालबागच्या चाळींत कोंकणांतून व घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार खानावळींत जेवीत. कोणाची आमटी पातळ आणि कोणाची भाकरी गरम, हें पाळी सुटल्यावर गिरणीच्या दाराशींच ठरे. सांगणाऱ्यास त्याबद्दल कोणी छदामही देत नसे. म्हणूनच ऐकणाऱ्यास तें खरें वाटे. याच काळांत गिरगांवांत एक निराळी विद्या रुजत होती. 1905 सालीं तेथें दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरातसंस्था निघाली. भारतांतील अगदीं जुन्या जाहिरातसंस्थांत तिची गणना होते. जाहिरात ही विकत घेतलेली स्तुति खरी; पण ती आपलें स्वरूप लपवीत नाहीं, आणि वाचकही तितकी सूट धरूनच ती वाचतो. विकतची स्तुति निरपेक्ष साक्षीचा वेष घेते, तेव्हां मात्र घोटाळा होतो. पॅरिसमध्यें 1820 सालींच नाटकगृहांना भाडोत्री टाळ्या पुरविणारी रीतसर पेढी निघाली होती.

शोधयंत्रांच्या जगांत हाच खेळ पुन्हां झाला. 1998 सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं ‘पेजरँक’ ही पद्धति मांडली. ज्या ग्रंथाचा उल्लेख इतर विद्वान वारंवार करतात तो महत्त्वाचा, हें तत्त्व पूर्वीपासून ग्रंथालयांत रूढ होतें. या दोघांनीं तेंच संकेतस्थळांस लावलें. एका स्थळानें दुसऱ्याकडे दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूनें एक मत, आणि स्वतः मान्यता पावलेल्या स्थळाचें मत अधिक वजनाचें. गिरणीच्या दारांतील न्यायच तो. फरक एवढाच कीं आतां मोजणारें यंत्र होतें.

परंतु मोजमाप कळलें कीं मापांत भर घालणारे निघतातच. 2003 सालीं अनेक अनुदिनीलेखकांनीं संगनमतानें दुवे देऊन ‘दारुण अपयश’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या शोधांत अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांचें चरित्रपान अग्रस्थानीं आणलें. ती थट्टा होती; 2007 मध्यें गूगलनें आपल्या गणितांत बदल करून ती थांबविली. लोकसमूहाकडून काम करवून घेण्याच्या रीतीस ‘क्राउडसोर्सिंग’ हें नांव जेफ हाउ या पत्रकारानें 2006 सालीं रूढ केलें, आणि थट्टेचा धंदा होण्यास उशीर लागला नाहीं. 2011 मध्यें जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानमालिकेकडे जाणारे हजारों असंबद्ध दुवे न्यूयॉर्क टाइम्सनें उघडकीस आणले; गूगलनें तिला यादींत खालीं ढकललें. दुव्यांची माहिती आपणांस नव्हती, असें कंपनीनें सांगितलें.

या दूरच्या कथेशीं लालबागचा संबंध काय, असें वाचक विचारतील. 18 जानेवारी 1982 रोजीं संप सुरू झाला. पुढें गिरण्या बंद पडत गेल्या, कामगारांचीं कुटुंबें डोंबिवली-विरारकडे गेलीं आणि गिरण्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. मसाला आणि चिवडा विकणारी दुकानें राहिलीं, पण त्यांचें नांव घेणारीं तोंडें पांगलीं. मनोऱ्यांतील नवें गिऱ्हाईक शेजाऱ्यास न विचारतां हातांतील फोनला विचारतें. गूगल स्थानिक दुकानांचा क्रम लावतांना प्रस्तुतता, अंतर आणि प्रसिद्धि पाहतें, व प्रसिद्धींत लोकांच्या अभिप्रायांची संख्याही धरते. यादींत जें दुकान खालीं, तें या गिऱ्हाइकापुरतें रस्त्यावर नाहींच. मग अभिप्राय विकत घेण्याचा मोह कोणास होणार नाहीं? नोव्हेंबर 2022 मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें अशा अभिप्रायांसाठीं आयएस 19000 हें मानक काढलें, तें याच रोगावर. प्रारंभीं तें ऐच्छिकच होतें.

तथापि जनसमूहाचें साह्य घेणें म्हणजे लबाडीच, असें नव्हे. 2008 ते 2017 पर्यंत चाललेल्या गूगल मॅप मेकरवर सामान्य लोकांनीं भारतांतील असंख्य गल्ल्या आणि दुकानें नकाशावर आणलीं. दुकानदारानें खऱ्या गिऱ्हाइकास ‘बरें-वाईट जें वाटलें तें लिहा’ असें म्हणावें, मराठी नांव, वेळा आणि छायाचित्रें नीट करून घ्यावींत. यांत गैर कांहींच नाहीं. भेद मार्गाचा नाहीं, साक्षीदाराच्या स्वातंत्र्याचा आहे. निंदा करण्याची मोकळीक ज्यास आहे, त्याच्याच स्तुतीस मोल असतें. दहा भाडोत्री अभिप्राय विकत घेणारा दुकानदार यंत्रास फसवितोच, पण त्याहून मोठें नुकसान तो आपल्या शेजाऱ्यांचें करतो. कारण गल्लींतील प्रामाणिक साक्षही मग कोणी खरी मानीत नाहीं.