ऑटो-ट्यून
ऑटो-ट्यून : गायलेल्या स्वराचे तारत्व मोजून ते इष्ट स्वरावर आणणारी संगणकीय आज्ञावली. अमेरिकन अभियंता अँडी हिल्डेब्रँड यांनी ती १९९७ मध्ये प्रचारात आणली. भूकंपीय लहरींवरून खनिज तेल शोधताना उपयोगी पडलेले स्वयंसहसंबंधाचे गणित त्यांनी स्वराला लावले. शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ (१९९८) या गीतात दुरुस्ती मुद्दाम तत्काळ होऊ दिल्याने स्वर पायऱ्यांप्रमाणे तुटक उमटला व तोच परिणाम लोकप्रिय झाला. घरगुती संगणकावरही अशी सोय आल्याने खर्चिक ध्वनिमुद्रणगृहावाचून सुरेलपणा नवोदितांच्या आवाक्यात आला. तथापि सूक्ष्म चढउतार पुसले जाऊन आवाज एकसारखे होतात, असा आक्षेप आहे. भारतीय गायनातील मींड व आंदोलन यांसारखी अंगे तर अशा दुरुस्तीने सदोष ठरून नाहीशी होऊ शकतात.