मगनलालच्या बैठकीत

काशीच्या दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या जरा जपून उतरा. साल १९७८ आहे. छत्र्यांखाली घाटिये, म्हणजे घाटावरचे पुरोहित, बसलेत, आणि बघ्यांच्या गर्दीतून एक डोकं वर निघालंय. सहा फूट चार इंचांचे सत्यजित राय. कॅमेऱ्याला डोळाही त्यांचाच. 'चारुलता'पासून ते स्वतःच कॅमेरा चालवतात. बावीस वर्षांपूर्वी 'अपराजितो'साठी ते याच घाटांवर आले होते. आज सोबत त्यांनीच लिहिलेला गुप्तहेर फेलूदा आहे. सिनेमाचं नाव 'जय बाबा फेलुनाथ'.

गेल्याच वर्षी जेम्स बाँडच्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'त रिक सिल्व्हेस्टर हा स्टंटमन कॅनडातल्या माउंट ॲस्गार्डच्या कड्यावरून स्कीसकट खाली झेपावला आणि ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट उघडलं. जगभरची थिएटरं टाळ्यांनी दणाणली. फेलूदाकडे ना कडा, ना झेंडा. आहे ते एक रिव्हॉल्व्हर, आणि तेही बहुतेक वेळ खिशातच.

आता कॅमेऱ्यामागून पुढे या आणि गोष्टीत शिरा. अंगाला अंग घासणाऱ्या गल्लीतून तिघांच्या मागे चाला: फेलूदा म्हणजे सौमित्र चॅटर्जी, त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे, आणि लालमोहनबाबू ऊर्फ जटायू. हे जटायू रहस्यकथा लिहितात. त्यांचा नायक प्रखर रुद्र कशालाच भीत नाही. लेखकाचं तसं नाही.

खलनायक मगनलाल मेघराजच्या गादीवर उत्पल दत्त बसलेत. आवाजात साखर. घोषालांच्या घरातून गणपतीची मूर्ती गेलीय. तिचा नाद सोडा, पैसे घ्या, असं मगनलालचं म्हणणं. फेलूदा नाही म्हणतो. सरबत येतं. तुमच्याही हातात पेला आहे, पण प्यायचं धाडस होत नाही ना? जटायूंचंही होत नाही.

मग अर्जुनला हाक जाते. हातपाय थरथरणारा म्हातारा. हा कामू मुखर्जी, फेलूदाच्याच आधीच्या 'सोनार केल्ला' सिनेमातला मंदार बोस, पण ओळखू येत नाही. जटायूंना फळीला टेकवून उभं केलं जातं. पहिला सुरा कानाशी रुततो. दुसरा. तिसरा. फेलूदा जागचा हलू शकत नाही, आणि तुम्हीही. नायकाला नुसतं बघत बसायला लावणं, हा माझ्या मते ॲस्गार्डच्या उडीपेक्षा अवघड स्टंट आहे. उडी सेकंदांत संपते. इथे जटायू झालेल्या संतोष दत्तांच्या चेहऱ्यावरचा घाम संपत नाही. खेळ संपल्यावर जटायू कोसळतात.

हिशेब शेवटी चुकता होतो. मछलीबाबा या साधूच्या वेशातला फेलूदा मगनलालला उभं करून त्याच्या आजूबाजूला गोळ्या झाडतो. एकही अंगाला लागत नाही. गणपती? दुर्गादेवीच्या मूर्तीतल्या सिंहाच्या जबड्यात बघा.

बाहेर आलात की पंचगंगा घाटाच्या अंगाने दुर्गा घाटाकडे चालत जा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतून मराठी ऐकू येईल. फेलूदाच्या कथाही पुढे मराठीत आल्या. अनुवाद अशोक जैन यांचे. वाचले नसतील तर आधी ते वाचा, मग सिनेमा.